दोन हातांची छपाई

पुणे,
३ फेब्रुवारी २०२५

ती. भिमाआत्या,
सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून तू ते दोनदा उलटून पाहिलं असशील. मी मंजुश्री, चंद्रशेखरची मुलगी. आजोबांच्या पुण्यानुमोदनाला तू मला शेवटची पाहिलीस तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता अडतीसची आहे, चष्मा लागलाय आणि नाक अजून तुझ्यासारखंच आहे. पप्पा गेल्या जूनमध्ये गेले. ते तुला कळवलं होतं. उत्तर आलं नाही, आणि मी ते मनावर घेतलेलं नाही.

फोनच करणार होते, पण जानेफळचे लोक म्हणाले की तुला फोनवर काही ऐकू येत नाही, "हॅलो हॅलो" करून तू फोन ठेवून देतेस. म्हणून पत्र.

काम असं आहे. मी इथे एका कोशाच्या कामावर आहे. कारागिरांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे, अर्थ लिहायचे, जमलं तर मूळ शोधायचं. सध्या माझ्या टेबलावर गवंडीकाम आहे. 'गिलावा' झाला. तो फारसीतून आला, गिल म्हणजे माती आणि आब म्हणजे पाणी. 'लिंपणे' संस्कृतातला, आणि 'लिपी' त्याच्याच घरातली, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आपले आजोबा आयुष्यभर भिंती लिंपत राहिले, म्हणजे एका अर्थी लिहीतच राहिले की!

पण भिंतीवर पहिला जो ओबडधोबड थर मारतात, त्याचा जुना शब्द मला मिळत नाही. पुस्तकांत नुसतं 'खरबरीत गिलावा' असतं. गवंडी तसं बोलत नसणार. तू आजोबांच्या हाताखाली चिखल तुडवलास, भिंती थापल्यास. तुमच्याकडे काय म्हणायचे ते सांगशील का? बाकी कशासाठी नाही, फक्त शब्दांसाठी लिहिते आहे.

आतोबांना नमस्कार.

तुझी,
मंजुश्री

—

जानेफळ, ता. मेहकर,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या सांगते आणि मी, भगवान, लिहितो. तिला मोतीबिंदू आहे, शिवाय तिचं अक्षर तिलाच लागत नाही. मी खामगावच्या एका प्रेसमध्ये जुळारी होतो, शिशाचे खिळे जुळवून ओळी बनवायचो. त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ माझं आणि बाकी सगळं तिचं असं समज.

ती म्हणते, पहिला थर म्हणजे 'पहिला हात'. भिंतीवर जितके थर तितके हात. पांढरी माती आठ दिवस भिजवायची, कुटार म्हणजे धान्याचा भुसा टाकायचा, पायानं तुडवायची. हा गारा लोण्यासारखा झाला की गोळा घेऊन भिंतीवर जोरात मारायचा. ती झाली थाप. मग पाची बोटं ओढायची, गुळगुळीत करायचं नाही, कारण बोटांच्या रेघा असल्या तरच दुसरा हात धरतो. "पुण्यात लोक थापा मारतात त्या वेगळ्या, आमच्या थापा भिंतीले लागतात," असं लिही म्हणते.

आणि ह्या सगळ्या कामाला आमच्याकडे गिलावा कोणी म्हणत नाही. छपाई म्हणतात. मातीची असो की सिमेंटची. जुडाई झाली, म्हणजे विटा रचून झाल्या, छपाई राहिली, असं मिस्त्री लोक बोलतात. तुझ्या कोशात नसेल तर लिही. ह्या शब्दापायी आमचं लग्न झालं. तिला पाहायला आलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "पोरगा काय करते?" माझे काका म्हणाले, "छपाई." सासरे एकदम खूश! आपल्याच धंद्यातला जावई भेटला. हळद लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझे हात पाहिले. बोटं शाईनं काळी. म्हणाले, "हे कोणत्या मातीचं काम हाये बे?" तेव्हा उलगडा झाला. पण शब्द दिला होता. तेव्हापासून आमच्या घरात दोन छपाया आहेत, तिच्या बापाची आणि माझी.

इथवर ती हसत सांगत होती. पुढचं नीट लिहा म्हणते.

"मंजे, तू वहीसाठी लिहिलं असशील तर सरळ सांग. बाबानं चाळीस वर्षांत जोडलेली गाणी होती त्या वहीत. बाबा गेला अन् वही दिसेना. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी अजून उठलेही नव्हते, तर दादानं पाहुण्यांच्या पंगतीत ह्यांले विचारलं, 'वही कोणत्या प्रेसले विकली?' वर म्हणे, 'माह्यापाशी पुरावा हाये.' काऊन नाही दाखवला मग पुरावा? मी म्हटलं, तूच नेली असशील पुण्याले. ते गावभर झालं. ह्यांच्या प्रेसमध्येही गेलं. मालकानं कागदाच्या कपाटाची किल्ली ह्यांच्याकडून काढून घेतली. महिनाभरानं हे काम सोडून घरी आले. अठ्ठावीस वर्षं झाली. दादा गेला हे कळलं तेव्हा मी रडली. पण आली नाही, अन् येणार नव्हती."

हे सगळं तिचं. मला ह्यावर काही लिहायचं नाही.

हरभरा सोंगून झाला आहे. प्रकृतीस जपावे.

भिमाबाई, तर्फे भगवानराव

—

पुणे,
२० फेब्रुवारी २०२५

ती. आत्या आणि आतोबा,
जयभीम.

तुमचं पत्र कार्यालयात उघडलं आणि मध्येच उठून मला बाहेर जिन्यात जाऊन बसावं लागलं.

आधी कबुली. मी फक्त शब्दांसाठी लिहीत नव्हते, ती थापच होती. पप्पांच्या कपाटात त्यांचा तो 'पुरावा' मला सापडला होता. आजोबांनी अकोल्याच्या दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी लिहिलेलं कार्ड. ते वाचून मलाही पप्पांचंच खरं वाटलं. तुझ्याकडे वहीचा माग काढावा म्हणून मी गिलाव्याचं निमित्त पुढे केलं. आत्या, माझी लाज वाटते मला.

कार्डावर असं आहे, जसंच्या तसं उतरवते:

"चि. शेखर यास जयभीम. उद्या अकोल्यास जातो. घराला कुलूप राहील. भिमी खामगावास आहे. तू दर पत्रात वहीचे विचारतो. वही काल छपाईत गेली. दोन हात झाले. तिसरा तू आल्यावर. आता पाऊसपाणी, उंदीर कशाची भीती नाही. काळजी न करणे. भाऊराव."

पप्पा तेव्हा दर पत्रात आजोबांना लिहायचे, वही द्या, पुण्यात छापून घेऊ. सोळाव्या वर्षी ते वसतिगृहात गेले आणि नंतर जन्मभर शाळेत शिकवत राहिले. छपाई म्हटलं की त्यांना पुस्तकच दिसणार. आणि घरात प्रेसमधलं माणूस एकच होतं. 'दोन हात झाले' ह्या शब्दांखाली त्यांनी लाल शाईची रेघ मारून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. आतोबा, त्यांना वाटलं तुमची आणि आजोबांची हातघाई झाली, तुम्ही वही हिसकावून नेली! मलाही पहिल्या वाचनात तसंच वाटलं. मी कोशात काम करते, आणि मला 'हात' कळला नाही.

काल तुमचं पत्र एका हातात आणि कार्ड दुसऱ्या हातात धरून मी चार वेळा वाचलं. वही कुठल्याच प्रेसला गेलेली नाही. आत्या, दवाखान्यात जाण्याआधी आजोबांनी घरातली कोणती भिंत छापली होती?

आमच्या संपादकांना मी फक्त शब्द विचारला. ते म्हणाले, छापणे म्हणजे दाबून ठसा उमटवणे, तळव्यानं माती दाबली काय आणि खिळ्यानं कागद दाबला काय, मूळ एकच असावं. मी मान डोलावली. माझं लक्ष नव्हतं.

लवकर लिहा.

मंजू

—

जानेफळ,
८ मार्च २०२५

चि. मंजुश्री,
आशीर्वाद.

हे पत्र मी तिला न सांगता लिहितो आहे. ती गिरणीवर दळायला गेली आहे.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. 'दोन हात झाले' इथे आल्याबरोबर ती उठून आत गेली. मागच्या खोलीत उगवतीच्या भिंतीत पूर्वी एक कोनाडा होता. सासरे गेल्यावर आम्ही खामगाव सोडून इथे, त्यांच्याच घरात राहायला आलो तेव्हा तो बुजवलेला होता. तिला वाटलं, विंचवाच्या भीतीनं बाबांनी बुजवला असेल. तेव्हापासून दर दिवाळीआधी ती स्वतःच्या हातानं त्या भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा देत आली आहे. अठ्ठावीस पोतारे.

मी भिंत फोडायची सब्बल आणायला निघालो तर तिनं दारात हात आडवा धरला. "भिंतीले हात लावाचा नाही," म्हणाली. पंधरा दिवस झाले, ती तेवढंच म्हणते. परवा फार विचारलं तेव्हा बोलली. "अन् तिथं नसली तं? आत्ता मंजीच्या पत्रानं तुम्ही सुटले. फोडली अन् रिकामा कोनाडा निघाला, तं तुम्ही पुन्हा चोर. आता तं दादा बी नाही भांडाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू द्या."

तिचं माझ्यावरचं प्रेम मला कळतं. पण मुली, मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. प्रेसमध्ये माझ्या हातून एक काना चुकला तरी मला जेवण जात नसे. गावातले अर्धे लोक वारले, तरी उरलेल्या अर्ध्यांना ती पंगत आठवते. लग्नाकार्यात कोणी कागद वाचायला माझ्या हाती दिला की मला वाटतं, हा मनात हसतोय. मला सव्वा लाख नकोत. मूठ उघडून पाहायची आहे. रिकामी निघाली तर निघाली. तू तिला लिही. ती तुझं ऐकेल, कारण तुझं नाक तिच्यासारखं आहे हे तिनं मला तीनदा वाचायला लावलं.

ती आली. थांबतो.

भगवानराव

—

पुणे,
१३ मार्च २०२५

ती. आत्या,
जयभीम.

सोबत आजोबांचं कार्ड पाठवते आहे. नक्कल नाही, मूळ कार्डच. ते तुझ्याकडे अठ्ठावीस वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. आतोबांकडून वाचून घे, मग भिंगातून स्वतः पाहा.

मी तुला भिंत फोड म्हणणार नाही. तुला जी भीती वाटते आहे तेवढ्याबद्दल बोलते. वही निघाली नाही तर काय? माती आहे, ओल आहे, वाळवी आहे, अठ्ठावीस वर्षं आहेत. कोनाड्यात भुगा निघेल, किंवा तेवढाही निघणार नाही. पण त्यानं आतोबा चोर होत नाहीत. आजोबांनी कार्डात कुणाकडे वही दिली असं लिहिलंच नाही. वाचणाऱ्यानं ते वाचलं. चूक पप्पांची होती, आणि ती मी त्यांची मुलगी म्हणून कबूल करते. आतोबा, मी तुमची माफी मागते. पप्पांच्या वतीनं आणि माझ्या वतीनं सुद्धा, कारण काही आठवडे का होईना मीही तुम्हाला चोर समजले.

पप्पांबद्दल एक सांगू का? तुम्हाला राग येणार असेल तरी सांगते. ते दर दिवाळीला तुझ्यासाठी एक लुगडं आणायचे आणि पाठवायचे नाहीत. मम्मी ती नंतर कामवाल्या बाईंना देऊन टाकायची. त्यांना चूक कळली नव्हती, आणि भांडण मिटवायला चूक कळावी लागत नाही एवढंही त्यांना कळलं नाही. हट्टी होते. तू पण आहेस, आत्या.

भिंत तुझी आहे. तूच तिला सांभाळलंस. काय करायचं ते तू ठरव, फक्त दारात हात आडवा धरून आणखी अठ्ठावीस वर्षं उभी राहू नकोस. आतोबांकडे तेवढा वेळ नाही.

तुझी,
मंजू

—

जानेफळ,
२९ मार्च

मंजे,
जयभीम.

हे पत्र मी माह्या हातानं लिवून राह्यली. अक्षर लागलं नाही तं तुह्या हापिसातल्या साहेबाले विचार, जुनी लिपी वाचत असंन. ह्यांचे हात परवापासून थरथरून राह्यले, पेन धरवत नाही. घाबरू नको. दुखणं नाही.

तुह्यं पत्र आलं अन् मी तुले दिवसभर शिव्या देल्ल्या. सातवी पास आतीले हट्टी म्हणते! संध्याकायी म्या कार्ड पाह्यलं. बाबाचंच अक्षर, रेघेच्या खाली उतरणारं. मंग मले झोप लागली. गुरुवारी सकायी ह्यांले म्हटलं, तुम्ही बाहीर बसा. सब्बल घेतली नाही. खुरपं घेतलं.

पयले माह्ये पोतारे निघाले, एकावर एक, कांद्याचे पापुद्रे निंघतात तसे. माह्यीच माती माह्या अंगावर पडे. मंग बाबाचा दुसरा हात लागला. तो इतका कडक होता का खुरपं उसये. आजारी माणसानं मारला व्हता, तरी. तो निघाला अन् त्याच्याखाली पयला हात दिसला, पाची बोटं ओढलेला. बाबाचं करंगयीचं पेर तुटेल व्हतं, तं चार रेघा लांब अन् एक आखूड. म्या त्याच्यावर माह्या हात ठेवला. मले पुढं फोडवेना. मंजे, तेवढा तुकडा म्या अख्खा काढून ठेवला हाये, फुटू देल्ला नाही.

हे तवर दारात येऊन उभे व्हते. म्या खुरप्याच्या दांड्यानं ठोकलं तं आवाज पोकय आला. मले वाटलं, रिकामा हाये. दोघंबी ऐकून राह्यलो, अन् ह्यांनी माह्या खांदा धरला. म्हणे, "भिमा, काही नसलं तरी आपण दोघं हावो."

डालड्याचा डबा निंघाला. झाकणाले मेण. आत खताच्या थैलीत वही.

हाये, मंजे. वही हाये! शेवटची सात-आठ पानं चिटकून गेली अन् एका कोपऱ्याले ओल लागली, बाकी सगयं वाचता येते. त्रेचाळीस गाणी. एक ठेकेदारावर हाये, ते इतकं वंगाय हाये का ते ह्यांनी मोठ्यानं वाचू देल्लं नाही, अन् मंग सोताच हासत बसले. म्या अठ्ठावीस वर्षांत त्यायले असं हासताना पाह्यलं नाही.

पण पयल्या पानाचं सांगाचं राह्यलं. त्याच्यावर बाबानं पेन्सिलीनं लिवलं व्हतं: "पुस्तक निघाले तर खिळे आमच्या जावयानेच जुळवावे. दुसऱ्याच्या हाती देऊ नये."

ह्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मंग बोट ठेवून एक एक अक्षर, जसे खिये पाहे तसे. अन् खाली बसले. तवापासून हात थरथरून राह्यले. मी म्हटलं डॉक्टरले दाखवू, तं म्हणे, राहू दे, हे चांगलं थरथरणं हाये.

दुपारी ते वही घेऊन गावात गेले. पारावर बसले. आले-गेलेल्यायले पयलं पान दाखवत व्हते. ज्यायनं त्या पंगतीत खाल्लं त्यातले तिघं व्हते तिथं. एक तं उठून पाया पडला. ह्यांले जेवाले बोलवाले मले चारदा माणूस धाडा लागला.

आता तुह्या बापाचं. त्याच्यावर मले राग हाये. तो जाणार नाही, खोटं काऊन बोलू? एक डाव त्यानं कार्ड माह्यापुढं धरलं असतं अन् विचारलं असतं, भिमे, हे काय लिवलं बाबानं? म्या उभ्या उभ्या सांगतलं असतं. पंगत वाढता वाढता सांगतलं असतं. पण म्याबी नाही विचारलं, दादा, पुरावा दाखव. म्या म्हटलं, तूच चोर. आपलेच दात अन् आपलेच ओठ. अन् तू ते लुगड्याचं काऊन लिवलं? एक तरी ठेवाचं व्हतं मले.

छापाचं ते तू पाहाय. आता खिये कुठं हायेत म्हणा, पण ओयी तपासाले हेच बसतील, दुसऱ्याच्या हाती देऊ नको. आम्ही पुण्याले येत नाही, तूच ये, लेकरं असतील तं घेऊन ये.

कोनाडा म्या आज बुजवला. वही आता पेटीत राह्यते, भिंतीत कशाले? ह्यांनी गारा तुडवला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, धोतर गुडघ्यावर बांधून! म्हणे, "सासऱ्याले वाटलं व्हतं तसा जावई झालो एकदाचा."

अन् काम झाल्यावर हात धुता धुता हेच म्हणाले, म्या नाही म्हटलं: "त्या जागेवर शेखरदादाचा फोटो लावू." मंजे, दादाचा एक फोटो पाठव. मोठा, कोट घातलेला नको, हासून राह्यला असंन तो. छपाई ओली हाये, आठ दिवस खिया धरणार नाही. तवर पोचला पाहिजे.

तुह्यी आती,
भिमा